ट्रॅक्टरची वायरिंग : चिखलात, पावसात आणि उंदरांपासून टिकवायची कशी?

भंडारा : रोवणीचे दिवस. पऱ्हे तयार आहेत, मजूर सकाळी येणार आहेत, म्हणून रात्रीच बांधीत चिखलणी चालू. अशा वेळी ट्रॅक्टरचा समोरचा लाइट आधी पिवळा पडतो, मग लुकलुकतो आणि जातो. चुकून इंजिन बंद पडले तर सेल्फ 'टक्' करून गप्प. मग बॅटरीला दोष दिला जातो, नवी बॅटरी येते, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात ही गोष्ट नवी नाही.

बहुतेक वेळा बॅटरीही खराब नसते आणि वायरही नाही. तांब्याची वायर मधूनच क्वचित बिघडते. बिघडतो तो जोड. जिथे वायर कापली, सोलली, पिळली आणि वरून टेप गुंडाळला, तिथे पाणी शिरते आणि रोग सुरू होतो. म्हणून टिकाऊ वायरिंग म्हणजे महाग वायर नव्हे. जोड कमी, जे आहेत ते पक्के, आणि ते पाण्याच्या वाटेत नाहीत, ही खरी टिकाऊ वायरिंग. बाकीचे सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

आपल्याकडे वायरिंगचे हाल जास्त का?

भंडारा जिल्ह्यात वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. नेमक्या त्याच काळात ट्रॅक्टर केजव्हील लावून गुडघाभर गाळात फिरतो. केजव्हील गाळ वर उडवते. तो गाळ मागच्या लाइटच्या मागे, ट्रॉलीच्या सॉकेटमध्ये, सेल्फच्या नटबोल्टवर बसतो. वरून वाळला तरी आतून तो ओलाच राहतो. पवनी, लाखांदूर, तुमसर या भागांत उन्हाळी धानही घेतले जाते. तिथे हाच चिखल हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा एकदा असतो.

मग येतो मे महिना. बाहेरच ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. साध्या काळ्या टेपचा गोंद या उष्णतेत वितळतो आणि टेप सैल होऊन सरकतो. पुढच्या पावसात तोच जोड उघडा सापडतो. म्हणजे उन्हाळा जोड उघडतो आणि पावसाळा त्यात पाणी घालतो.

तिसरी गोष्ट हादरे. बांधीच्या धुऱ्यावरून उतरताना, खडीच्या रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढताना प्रत्येक वायर हलत असते. ज्या वायरीला आधार नाही, ती पत्र्याच्या कडेवर घासत राहते.

नव्या मॉडेलच्या ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत ट्रॅक्टर चिखलणीत चालवूनही पाहतात आणि नंतर कोणत्या भागात गाळ-पाणी शिरले ते तपासतात. पण ही चाचणी कंपनीतून आलेल्या ट्रॅक्टरची असते. त्यानंतर गावात त्यावर बसवलेला जादा लाइट, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, हॉर्न आणि ट्रॉलीची वायर यांची चाचणी कोणी घेत नाही. बिघाड बहुतेक तिथूनच सुरू होतो.

वायर किती जाडीची?

घरात २३० व्होल्ट असतात, ट्रॅक्टरवर फक्त १२. हा फरक नीट समजला नाही की चुका होतात. घरातल्या वायरीत एक व्होल्ट कमी झाला तर कोणाला कळतही नाही. ट्रॅक्टरवर एक व्होल्ट गेला म्हणजे बारावा हिस्सा गेला.

हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॅट. त्याला १२ ने भागले की साधारण ९ अँपिअर करंट. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम असतो. बॅटरीपासून स्विच आणि स्विचपासून लाइट असे वळणे घेत वायर ५ मीटर झाली, तर वाटेतच ०.८ व्होल्ट खर्च होतो. हीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर खर्च ०.३ व्होल्टच्या आसपास. त्यात एखादा हिरवा पडलेला जोड असेल तर तो एकटाच अर्धा-एक व्होल्ट खातो.

साध्या किंवा हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, फार वेगाने कमी होतो. व्होल्टेज १० टक्के घटले की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. म्हणून पिवळा लाइट दिसला की मोठा बल्ब टाकायचा नसतो. मोठा बल्ब जास्त करंट ओढतो, वायर आणखी तापते, स्विच जळतो. आधी वायर आणि जोड पाहायचे.

कामचलाऊ माप असे धरता येते : इंडिकेटर, मागचे लाल लाइट, डॅशबोर्ड यांना १ चौरस मिलिमीटर, ट्रॉलीकडे जाणाऱ्या वायरींना १.५, हेडलाइट आणि ट्रॉलीची अर्थ वायर २.५. सेल्फ चालू होताना दोनशे-तीनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो, म्हणून बॅटरीची केबल ३५ ते ५० चौरस मिलिमीटरची लागते. बॅटरीची केबल तुटली म्हणून वेल्डिंग किंवा मोटारपंपाची हाताशी आलेली केबल लावणारे आहेत. वेल्डिंगची तांब्याची जाड केबल एक वेळ चालते. पंपाची अ‍ॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर अजिबात नाही. अ‍ॅल्युमिनियम हादऱ्यांनी तुटते आणि तांब्याला जोडले की ओलाव्यात लवकर कुजते.

वायर घेताना दुकानात 'गाडीची वायर' असे स्पष्ट मागावे. घरच्या वायरिंगच्या वायरीवर आयएस ६९४ असे छापलेले असते. वाहनांच्या केबलसाठी वेगळे भारतीय मानक आहे, आयएस २४६५. गाडीच्या वायरीत बारीक बारीक तारा जास्त असतात, म्हणून ती हादऱ्यात टिकते, आणि तिचे आवरण उष्णता व तेल सहन करते. एकाच जाड तारेची, म्हणजे भिंतीत घालायची सिंगल वायर ट्रॅक्टरवर कधीच लावू नये. ती आतून तुटते, वरून धड दिसते, आणि मिस्त्रीचा अख्खा दिवस शोधण्यात जातो.

जोड : खरी लढाई इथे

पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडात काय होते? पाणी थेंबभर शिरते. मग दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते वायरीच्या तारांमधून आवरणाखाली आत आत जाते. जुनी वायर सोलून पाहिली तर चमकदार तांब्याऐवजी काळी-हिरवी भुकटी दिसते, कधी कधी जोडापासून वीतभर आतपर्यंत. अशी वायर नवीन जोड मारून सुधारत नाही. चमकदार तांबे लागेपर्यंत ती कापावी लागते.

सोल्डर केले की पक्के, असा समज आहे. रेडिओत ते खरे आहे, ट्रॅक्टरवर अर्धेच. सोल्डर तारांमध्ये झिरपून त्यांना कडक करते. जिथे कडक भाग संपतो आणि मऊ वायर सुरू होते, नेमकी तिथे ती हादऱ्यांनी तुटते. गाड्यांच्या कारखान्यांत म्हणूनच बहुतेक जोड सोल्डरचे नसून दाबलेले, म्हणजे क्रिम्प केलेले असतात.

क्रिम्प करताना पक्कड चालत नाही. पक्कडीने थिंबल चपटी होते, पण तारा आत सैलच राहतात. क्रिम्पिंगचा पाना वेगळा मिळतो. थिंबल वायरीच्या मापाची हवी. दाबल्यावर वायर हाताने जोरात ओढून पाहायची. निघाली तर पावसात निघणारच होती. त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह चढवायची. गरम करताना कडेने गोंदाची रेघ बाहेर आली म्हणजे पाण्याची वाट बंद झाली. साधी, बिनगोंदाची स्लीव्ह फक्त आवरण देते. पाणी अडवत नाही. ही स्लीव्ह जोडानंतर चढत नाही. जोड मारण्याआधीच ती वायरीत ओवून ठेवावी लागते. हे विसरले जाते आणि मग पुन्हा टेप निघतो.

जिथे वायर उघडावी-जोडावी लागते तिथे रबरी सीलचा वॉटरप्रूफ कपलर घ्यावा. पाकिटावर आयपी ६७ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालते. पण वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यासाठी ही हमी नाही. चिखलणी संपल्यावर ट्रॅक्टर धुताना नोझल थेट कपलर, डायनॅमो, फ्यूज बॉक्स यांवर धरू नये. गाळाने जे केले नसेल ते पाच मिनिटांच्या फवाऱ्याने होते.

आणखी एक युक्ती, फुकटची. कपलरचे तोंड खाली राहील असे बसवावे आणि वायर आधी थोडी खाली लोंबवून मग वर न्यावी. छपरावरचे पाणी पागोळीवरून गळून पडते, तसे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या खालच्या वळणावरून टपकून जाते, कपलरपर्यंत पोहोचत नाही. नालीदार प्लास्टिक पाइप घातला तर त्याचे तोंडही खालच्या बाजूला उघडे ठेवावे. दोन्ही टोके बंद केलेला पाइप म्हणजे पाणी साठवायची बाटली.

वायर कुठून न्यायची

पत्र्याच्या छिद्रातून वायर जाते तिथे रबरी ग्रॉमेट हवाच. नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा तरी लावावा. दर वीतभर-दीड वीत अंतरावर क्लिप. सायलेन्सरपासून किमान अर्धा फूट लांब. आणि डिझेलच्या पाइपला वायर कधीच बांधू नये. सोयीचे वाटते, पाइप सरळ टाकीपासून पुढे जातो, म्हणून बरेच जण बांधतात. घासून वायर उघडी पडली तर ठिणगी नेमकी डिझेलजवळ पडते.

स्टेअरिंगजवळ आणि मागे हूकपाशी वायरीला थोडा ढील ठेवावा, पूर्ण वळण घेऊन पाहावे.

अर्थ : अर्धे बिघाड इथलेच

ट्रॅक्टरमध्ये बॅटरीचा ऋण टोक चेसिसला जोडलेला असतो. करंट वायरीतून जातो आणि लोखंडातून परत येतो. परतीची ही वाट बंद झाली की लाइट, हॉर्न, सेल्फ सगळेच बिघडल्यासारखे वागतात. अर्थची थिंबल रंगावर, गंजावर किंवा गाळावर बसवली असेल तर तिचा उपयोग नाही. पत्रा चमकेपर्यंत घासावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. आधी आवळणे, नंतर ग्रीस; उलट नाही.

सेल्फ 'टक्' करतो तेव्हा बॅटरी बदलण्याआधी एक तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा; गिअर न्यूट्रलमध्ये आणि कोणी चाकासमोर नाही हे पाहून. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर दोष अर्थच्या केबलचा किंवा तिच्या जोडाचा आहे. तसेच दुसऱ्या बाजूने, धन खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांमध्ये पाहता येते. बॅटरी स्वतः रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या जवळ दाखवत असेल तर भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आले तर डायनॅमो चार्ज करतो आहे. एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात. न पाहता घेतलेली बॅटरी मात्र काही हजारांत पडते.

ट्रॉलीचे लाल लाइट

इथे प्रश्न फक्त खोळंब्याचा नाही, जिवाचा आहे. धान खरेदीच्या दिवसांत भरलेल्या ट्रॉल्या संध्याकाळी आणि रात्री रस्त्यावर असतात. भंडारा, लाखनी, साकोलीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ असो की गावातला अरुंद डांबरी रस्ता, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला बिनलाइटची ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. तणशीने भरलेली ट्रॉली तर अंधारात अंधारासारखीच दिसते.

ट्रॉलीचे लाइट सतत का जातात? कारण बहुतेक ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायर नसते. परतीचा करंट हूकच्या पिनवरून ट्रॅक्टरकडे येतो. पिन गंजलेली, गाळ लागलेली, वर प्रत्येक खड्ड्यात हलणारी. ओळखायची खूण सोपी आहे : ब्रेक दाबला की मागचा लाइट मंद होतो, किंवा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजूंचे लाइट सोबत लुकलुकतात. असे दिसले तर बल्ब बदलू नये. २.५ चौरस मिलिमीटरची अर्थ वायर ट्रॅक्टरपासून थेट ट्रॉलीच्या प्रत्येक लाइटपर्यंत न्यावी.

सात पिनच्या गोल सॉकेटमध्ये प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे १ नंबरला डावा इंडिकेटर, ३ नंबरला अर्थ, ४ ला उजवा इंडिकेटर, ५ आणि ७ ला मागचे उजवे-डावे लाल लाइट, ६ ला ब्रेक असतो. आकडे सॉकेटच्या आत बारीक अक्षरात कोरलेले असतात. गावात एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागतेच. सगळ्यांनी हाच क्रम पाळला तर कोणाचीही ट्रॉली कोणालाही चालते. आपल्या ट्रॅक्टरचा क्रम त्याच्या पुस्तकातून एकदा जुळवून घ्यावा. ट्रॉली सुटी असताना तिचा प्लग चिखलात लोळू नये म्हणून ट्रॉलीच्या दांडीवर त्याला खोटे सॉकेट बसवून ठेवावे.

ट्रॉलीसाठी एलईडीचे सीलबंद लाइट घेतले तर करंट कमी लागतो आणि हादऱ्यात फिलामेंट तुटायची भानगड राहत नाही. तरीही रिफ्लेक्टर आणि लाल-पिवळी चमकणारी पट्टी हवीच. वायर दगा देईल, पट्टी देत नाही.

फ्यूज आणि पुंजणे

फ्यूज कशासाठी असतो हे विचारले तर बहुतेक जण 'बल्ब वाचवायला' म्हणतात. फ्यूज वायर वाचवायला असतो. भरलेली बॅटरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर सोडू शकते. अशा वेळी बारीक वायर काही सेकंदांत लाल होते आणि तिचे प्लास्टिक पेटते. खाली काय आहे त्यावर पुढचे ठरते. कापणीनंतर थ्रेशर शेतातल्या पुंजण्याला लागलेला असतो, ट्रॅक्टर त्याच्याशी पट्ट्याने किंवा पीटीओने जोडलेला, आणि तणशीचा भुसा बॅटरीवर, सायलेन्सरवर, बॉनेटच्या जाळीत साचलेला. वर्षभराच्या मेहनतीचे धान दोन-चार हातांवर रचलेले. तिथे एका ठिणगीची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून बॅटरीवरून निघणाऱ्या प्रत्येक जादा वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. लाइटजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. फ्यूजचा आकडा वायरीवरून ठरतो : १ चौरस मिलिमीटरला १० अँपिअर, दीडला १५, अडीचला २०, यापेक्षा मोठा नको. पात्याच्या फ्यूजला रंग असतो. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो काही तरी सांगतो आहे. त्याच्या जागी तार, सिगारेटच्या पाकिटाचा चंदेरी कागद किंवा मोठा फ्यूज टाकणे म्हणजे ओरडणाऱ्याचे तोंड दाबणे. दोन-तीन फ्यूज टूलबॉक्समध्ये जादा ठेवले की ही वेळच येत नाही.

जादा हेडलाइट किंवा एलईडी बार लावताना रिले वापरावा. स्विचमधून फक्त रिलेचा बारीक करंट जातो, मोठा करंट बॅटरीतून थेट लाइटला. रिलेवर आकडे असतात : ३० ला बॅटरीवरून फ्यूजसह वायर, ८७ ला लाइट, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ. रोवणीत गाण्यांशिवाय ट्रॅक्टर चालत नाही हे मान्य. पण अ‍ॅम्प्लिफायरची वायर हॉर्नच्या वायरीवर टाचणीने टोचून घेतली असेल तर हॉर्न आणि गाणे दोन्ही एकदमच बंद पडते.

गोठा, युरिया आणि पितळ

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, तेव्हा पितळेची ही गोष्ट इथल्या वाचकाला पटेल. इंग्रजांच्या काळात भारतातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जात. पावसाळा संपल्यावर पाहिले तर पितळेच्या नळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या. याचे कारण बरीच वर्षे कळले नाही. १९२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण यांमुळे हे होते.

ट्रॅक्टरच्या वायरिंगमधल्या थिंबला, पिना, सॉकेटचे दात बहुतेक पितळेचे किंवा तांब्याचे असतात. आणि ट्रॅक्टर कुठे उभा असतो? जागेअभावी गोठ्याला लागून, शेजारी युरिया आणि डीएपीची पोती. ओला युरिया आणि गोमूत्र दोन्हींतून अमोनिया निघतो. कालपर्यंत घट्ट असलेली थिंबल बोटाने दाबताच तुकडा होऊन हातात येते, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. ट्रॅक्टर गोठ्यापासून दूर, हवेशीर जागी उभा करणे उत्तम. ते शक्य नसेल तर कल्हई केलेल्या, म्हणजे पांढऱ्या दिसणाऱ्या थिंबला घ्याव्यात आणि त्यांवर ग्रीस ठेवावे. ट्रॉलीतून खत वाहिले असेल तर मागचे लाइट आणि सॉकेट साध्या पाण्याने पुसून घ्यावे.

उंदीर

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, म्हणून त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. तणशीच्या ढिगाशेजारी महिनाभर उभा असलेला ट्रॅक्टर म्हणजे त्याच्यासाठी घर आणि दातघाशी दोन्ही. नालीदार पाइपाने थोडा आडोसा होतो, पूर्ण संरक्षण नाही. लोखंडी जाळीची नळी जास्त टिकते, पण तिची टोके रबराने झाकावी, नाहीतर तीच वायर कापते.

खरा उपाय म्हणजे बॉनेट आठवड्याला उघडणे. आत तणशीच्या काड्या, चिंध्या, लेंड्या दिसल्या की घरटे काढून टाकावे. आणि कुरतडलेली वायर दिसली तर तो भाग कापून वर सांगितल्याप्रमाणे जोड मारल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

नवीन ट्रॅक्टर असेल तर

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नवीन ट्रॅक्टरना ट्रेम-४ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आहे. या ट्रॅक्टरमध्ये डिझेल सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर करतो आणि सेन्सरच्या वायरींत फक्त ५ व्होल्टच्या आसपास असतात. तिथे टेस्ट लॅम्प टोचणे किंवा हाताला लागलेल्या वायरीवरून हॉर्न घेणे महागात पडते. जादा काही लावायचेच असेल तर बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून स्वतंत्र वायर ओढावी. मूळ वायरिंग कापल्यास वॉरंटीचाही वाद होतो.

वेल्डिंगची गोष्ट जुन्या-नव्या दोन्ही ट्रॅक्टरना लागू. केजव्हील किंवा हूक ट्रॅक्टरवर असतानाच वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीची ऋण केबल काढावी, आणि वेल्डिंगची अर्थ जिथे काम चालू आहे तिथेच जवळ लावावी. नाहीतर डायनॅमोचे डायोड जातात. केबल काढताना नेहमी ऋण आधी, लावताना ऋण शेवटी. धन काढताना पाना चेसिसला टेकला आणि ऋण जोडलेलीच असेल तर पाना जागेवर चिकटतो, बॅटरीही फुटू शकते.

हे सगळे कधी करायचे?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. उन्हाळी धान निघालेले असते, पाऊस आलेला नसतो, आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे अजून रांग लागलेली नसते. जुलैमध्ये त्याच्याकडे गेले तर तो टेपच मारून देणार. त्याच्या दारात दहा ट्रॅक्टर उभे असतात, दोष त्याचा नाही.

त्या दिवशी आधी बॅटरीच्या खुंट्यांवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवावी. पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये. मग टेप गुंडाळलेले सगळे जोड शोधावेत आणि एकेक मोजावा. जुन्या ट्रॅक्टरवर आकडा सहज वीसच्या पुढे जातो. सगळे एका दिवसात होत नसतील तर क्रम असा ठेवावा : बॅटरीची केबल आणि अर्थ पहिले, बिनफ्यूजच्या वायरी दुसऱ्या, ट्रॉलीचे लाइट तिसरे. टेप-अ‍ॅम्प्लिफायर राहिला तरी चालेल.

काम झाल्यावर संध्याकाळी अंधारात ट्रॅक्टर-ट्रॉली जोडून सगळे लाइट लावावेत, एकाने मागे तीस पावलांवर उभे राहावे, दुसऱ्याने ब्रेक दाबून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावे. मग ट्रॉलीवर बादलीभर पाणी ओतून तेच पुन्हा करावे.